पालकांच्या सहीची किंमत

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि वसईच्या किनारपट्टीवरील चर्चच्या आवारांत पुन्हा मुलांचा कलकलाट सुरू होतो. एकाच कुंपणात चर्च, प्राथमिक शाळा, सभागृह आणि दफनभूमी अशी येथील अनेक धर्मग्रामांची मांडणी आहे. बाप्तिस्मा, लग्न, सणाची मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन आणि अखेरचा निरोप हे सारे याच आवारात होते. केळीच्या, भाजीच्या आणि फुलांच्या वाड्यांवर जगलेल्या या समाजाने शाळेला परकी संस्था कधी मानले नाही. ती आपल्या गावाची शाळा, ही भावना पिढ्यान्पिढ्या टिकली. आज त्याच वर्गांत कॅथलिक मुलांच्या शेजारी आगरी, आदिवासी आणि उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या कामगारांची मुले बसतात. अशा शाळेतील सामाजिक जीवन हे केवळ एका धर्मसमाजाचे खाजगी प्रकरण उरत नाही. म्हणूनच तेथे पालकांशी कसे बोलले जाते, हा प्रश्न या स्तंभात मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

अशाच एका शाळेच्या पालकसभेस प्रस्तुत लेखक नातवाचा पालक म्हणून उपस्थित होता. सभा कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता होती. साठ-सत्तर पालक होते, त्यांत बहुसंख्य माताच. मुख्याध्यापिकांचे भाषण इंग्रजीत झाले. त्याचा चार वाक्यांचा मराठी सारांश एका शिक्षिकेने सांगितला. नंतर एक छापील इंग्रजी कागद वाटण्यात आला आणि त्याखाली सह्या घेण्यात आल्या. शेजारी बसलेली बाई पहाटे दादरला फुले पोचवून परत आली होती. तिने मराठीत सही केली आणि हळूच विचारले, "गुरुजी, यात पैशांचं काय लिहिलंय?" शुल्क थकल्यास प्रगतिपुस्तक दिले जाणार नाही, ही अट आपणांस मान्य असल्याचे तिने लिहून दिले होते. तिला ते सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आता कुणाला विचारायचं?" सभेत प्रश्नांसाठी वेळ ठेवलेला नव्हता.

हा प्रसंग क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. परंतु दिवाळीपूर्वी त्या बाईचा मुलगा प्रगतिपुस्तकाशिवाय घरी आला आणि वर्गातील इतर मुलांना त्याचे कारण ठाऊक होते, हे सांगितल्यावर तो क्षुल्लक राहत नाही. दोन हप्त्यांचे कर्ज आईचे होते; शिक्षा आठ वर्षांच्या मुलाला झाली. येथे हेही सांगितले पाहिजे की, त्याच शाळेतील शिक्षिकांनी २०२०च्या टाळेबंदीत घरोघर फोन करून कोणाची चूल बंद आहे याची चौकशी केली होती आणि स्वतःच्या पगारातून शिधा पोचविला होता. म्हणजे माणसे निष्ठुर नाहीत. संकटात धावून जाणारी ही शाळा एरवी पालकाला ऐकून मात्र घेत नाही. दया करण्याची सवय आहे, सल्ला घेण्याची नाही. दोष आहे तो या रीतीत.

यातील विसंगती विशेष बोचते ती भाषेमुळे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला स्थान दिले, आणि वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. येथील ख्रिस्ती समाजाने मराठीवर प्रेम केले. याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना २०२०च्या जानेवारीत उस्मानाबाद येथील ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले. ज्या आवारात परमेश्वराशी मराठीत बोलता येते, त्याच आवारात मुख्याध्यापकांशी बोलण्यासाठी इंग्रजी लागावी, हे त्या परंपरेला शोभणारे नाही. मुलांना इंग्रजी शिकविण्यास आमचा विरोध नाही. पालकांचीच तशी मागणी आहे. पण मुलाची शिक्षणाची भाषा आणि पालकाशी बोलण्याची भाषा एकच असली पाहिजे, असा नियम कोणी केला?

चर्चची स्वतःची शिकवण तर याच्या उलट आहे. १९६५च्या ऑक्टोबरात त्याच परिषदेने शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात आईवडील हे मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत असे मानले आहे. १९८३च्या कॅनन लॉचे ७९६वे कलम आणखी स्पष्ट आहे. शिक्षकांनी पालकांच्या निकट सहकार्याने काम करावे, त्यांचे म्हणणे तत्परतेने ऐकून घ्यावे आणि पालकांच्या संघटना व सभा सुरू करून त्यांचा मान राखावा, असे ते सांगते. इटलीतील बार्बियाना या डोंगराळ खेड्यात लोरेंझो मिलानी या कॅथलिक धर्मगुरूने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. तेथील आठ मुलांनी मिळून लिहिलेले, शिक्षिकेला उद्देशून असलेले पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने निघाले. शाळेने नापास केलेल्या गरिबांच्या मुलांचा हिशेब त्यात आहे, आणि पालकांनी संघटित व्हावे हे त्या पुस्तकाचे खरे आवाहन आहे. तेव्हा पालकांना बोलू द्या ही मागणी चर्चवर बाहेरून लादलेली नाही. ती तिच्याच घरात जन्मलेली आहे.

कायद्याची स्थिती मात्र गुंतागुंतीची आहे आणि कार्यकर्त्यांनी ती नीट समजून घेतली पाहिजे. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरविले. विनाअनुदानित शाळा त्या कलमाबाहेर होत्या. २०१२च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांतील समितीला केवळ सल्लागाराचा दर्जा दिला. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, अनुच्छेद ३०चा आधार घेऊन, अल्पसंख्याकांच्या सर्व शाळा त्या कायद्यातूनच वगळल्या. २०२५च्या सप्टेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाच्या योग्यतेविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे सुचविले. महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या शुल्काचे नियमन करणारा २०११चा कायदा आहे; त्याने पालक-शिक्षक संघ आवश्यक केला, कार्यकारी समितीवरील पालक सोडतीने निवडावेत आणि निम्म्या जागी महिला असाव्यात असे सांगितले. प्रत्यक्षात ही सोडत किती पालकांनी डोळ्यांनी पाहिली आहे, हे ज्याने त्याने आपल्या शाळेपुरते आठवून पाहावे.

अनुच्छेद ३०ला आमचा पाठिंबा आहे आणि तो निःसंदिग्ध आहे. बहुसंख्याकांच्या दडपणापासून अल्पसंख्याकांची संस्कृती व शिक्षण सुरक्षित ठेवणारे ते कवच आहे. १९९८च्या नाताळात डांग जिल्ह्यात चर्चवर आणि ख्रिस्ती शाळेवर हल्ले झाले, ते विसरता येत नाहीत. परंतु घटनेने हा हक्क 'अल्पसंख्याकांना' दिला आहे, कार्यालयातील खुर्चीला नव्हे. समाज म्हणजे बिशप व व्यवस्थापक एवढेच नव्हेत. फुले विकणारी ती बाईही समाजच आहे. तिला न विचारता चालविलेला कारभार समाजाच्या हक्काच्या नावाने झाकता येणार नाही. केरळ शिक्षण विधेयकावर १९५८ साली दिलेल्या अभिप्रायात सर्वोच्च न्यायालयाने बजावलेच होते की, संस्था चालविण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही.

त्या केरळच्या इतिहासातून डाव्यांनी शिकण्यासारखेही काही आहे. १९५७च्या नंबुद्रिपाद मंत्रिमंडळाचे शिक्षण विधेयक शिक्षकांच्या नोकरीला व पगाराला संरक्षण देऊ पाहत होते. त्याचा हेतू न्याय्य होता. परंतु कॅथलिक कुटुंबांना ते आपल्या शाळांवरील आक्रमण वाटले. नायर सर्व्हिस सोसायटीसारख्या संघटनाही विरोधात उतरल्या, विमोचन समर पेटले आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकारच बरखास्त केले. या बरखास्तीचे समर्थन आम्ही कधीही करणार नाही. मात्र एक धडा घेतला पाहिजे. पालकाला आधी सोबत न घेता वरून आणलेली सुधारणा त्याच पालकाला व्यवस्थापनाच्या मागे नेऊन उभी करते.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली दाखवून दिले की, संस्था बिघडू लागली की माणसासमोर दोन वाटा असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. गुणवत्तेची चाड असलेले आणि ऐपत असलेले पालक आधी सोडून जातात. त्यामुळे ज्यांचा आवाज परिणामकारक ठरला असता तेच नाहीसे होतात. वसईतही हेच घडताना दिसते. ऐपतदार कुटुंबे नव्या, महागड्या शाळांकडे वळतात. मागे उरतात ती निष्ठेने किंवा नाइलाजाने उरलेली, आणि त्यांचे मौन संमती म्हणून मोजले जाते. वास्तविक हा समाज मुका नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या चळवळीत याच धर्मग्रामांतील स्त्री-पुरुष जमीन आणि पाणी वाचविण्यासाठी रस्त्यावर उतरले होते. विहिरीच्या पाण्यासाठी बोलणारी माणसे आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकासाठी का बोलत नाहीत? मूल त्यांच्याच हाती आहे, या धाकाने.

करावयाचे काय, हे अवघड नाही. शाळेची प्रत्येक सूचना मराठीत, आणि जेथे पालकांची भाषा हिंदी आहे तेथे हिंदीतही निघावी. सही घेण्यापूर्वी तो कागद वाचून दाखवावा. पालकसभा रविवारी किंवा सायंकाळी भरावी. कामाच्या दिवशीची सभा म्हणजे रोजंदारीवरील बाईला अर्ध्या दिवसाचा दंड आहे, आणि हा खर्च शाळेच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. पालक-शिक्षक संघाची सोडत सर्वांसमक्ष व्हावी, तीत कॅथलिक नसलेल्या पालकांनाही समान स्थान असावे, आणि शुल्क कोठे खर्च होते याचा हिशेब सभेपुढे यावा. मोबाइलवरील पालकगटात केवळ शाळेने लिहावे आणि इतरांनी वाचावे ही रीत सोडून, आठवड्यातील एक वेळ तरी प्रश्नांसाठी मोकळी ठेवावी. आणि थकलेल्या शुल्काबद्दल मुलाला वर्गासमोर कधीही उणे करू नये. यातील एकाही गोष्टीसाठी न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी शाळेच्या फाटकावर झेंडे घेऊन जाऊ नये. त्याने केवळ धर्मांतराची आवई उठविणाऱ्यांचे फावेल. जे स्वतः पालक आहेत त्यांनी सभेत बसावे, शेजारणीला कागद वाचून दाखवावा, तिने विचारलेला प्रश्न तिच्याच तोंडून सभेत यावा म्हणून तिच्या शेजारी उभे राहावे. धर्मगुरूंत आणि धर्मभगिनींत ऐकणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांना सोबत घ्यावे. पुढच्या जूनमध्ये पुन्हा कागद वाटले जातील. त्या वेळी सही करण्यापूर्वी त्या बाईला तिचा प्रश्न मोठ्याने विचारता आला आणि त्याला मराठीत उत्तर मिळाले, तर आपले काम सुरू झाले असे समजावे.