रहाटाची गाडी

आम्ही खान्देशी माणसे सप्तशृंगगडाला नुसते ‘गड’ म्हणतो. भगवतीचे माहेर खान्देशात, अशी आमच्याकडे समजूत आहे. चैत्र लागला की धुळ्या-जळगावकडून माणसे उन्हातान्हात पायी निघतात. आमची माय त्यांतलीच. उमाबाई दाभाड्यांनी करवून घेतलेल्या त्या पायऱ्या तिने कधी चुकवल्या नाहीत. पण पंचाहत्तरी उलटली आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला.

२०१८ पासून गडावर रुळांवरून चढणारी गाडी आहे. सगळे तिला ट्रॉली म्हणतात.

“तीन मिनिटांत वर!” मी म्हणालो.

“मग दर्शनही तीन मिनिटांचंच का रे?”

कॉलेजात पन्नास मिनिटे बोलणाऱ्या माणसाची घरात ही किंमत! तरी मी व्याख्यान सोडले नाही. फ्रान्सातल्या लिआँ शहरात अशी गाडी १८६२ सालीच धावू लागली, झाग्रेबमध्ये १८९० साली. आपली ट्रॉली देशातली पहिली, असे कौतुकाने सांगणारे भेटतात. पण तमिळनाडूत पळणीच्या डोंगरावर १९६६ सालीच ही सोय झाली. माय वाती वळत राहिली.

शेवटी मला आमच्या मळ्यातली विहीर आठवली. “माय, रहाटाच्या दोराला दोन्हीकडे घागरी बांधल्या तर? एक खाली जाते, दुसरी वर येते. इथेही एकाच दोराला दोन डबे. उतरणाऱ्याच्या भाराने चढणारा वर येतो. यंत्राला ओढायचा तो दोघांतला फरक तेवढा.”

वाती थांबल्या. “म्हणजे दर्शन करून येणारे आपल्याला वर घेतात?”

असे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही. पण मी मान डोलावली.

गेल्या चैत्रात आम्ही नांदुरीचा घाट चढून गडावर गेलो. माय डब्यात बसली, पण पायांतल्या चपला तिने खालीच काढल्या होत्या. मध्यावर दुसरा डबा शेजारून उतरत गेला. मायने त्याला हात जोडले. पलीकडच्या अनोळखी बाईनेही हात जोडले.

वर अठराभुजा भगवतीसमोर ती किती वेळ उभी होती, हे मी घड्याळात पाहिले नाही. परतताना मीच भीत भीत विचारले, “उतरायला पायऱ्या सोप्या. हळूहळू जाऊ या?”

“नको रे,” ती रांगेकडे वळत म्हणाली, “खाली कुणीतरी चढायचं थांबलं असेल.”