बिनसहीचा निरोप आणि बाजाराची पत

शेतमालाचा बाजार मालावर चालतो त्याहून अधिक तो बातमीवर चालतो, हें ज्यानें एकदां तरी भरलेली गाडी बाजारसमितीच्या आवारांत उभी केली आहे त्यास सांगावयास नको. पाऊस कोठें पडला, निर्यात चालू कीं बंद, परराज्यांतील पीक कसें आहे, ह्यांवर लिलावांतील बोली चढते व उतरते. पूर्वीं ही बातमी प्रथम व्यापाऱ्यास कळे, मग अडत्यास, आणि सर्वांच्या शेवटीं शेतकऱ्यास. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब इत्यादि साधनांनीं हा क्रम मोडला, हा त्यांचा उपकार मान्य केलाच पाहिजे. लासलगांवचा सकाळचा भाव कळवणच्या शेतकऱ्यास आज घरबसल्या दुपारच्या आंत कळतो. परंतु ज्या वाटेनें खरी बातमी वेगानें येते त्याच वाटेनें खोटीहि येते, आणि दोघींस वेगळें ओळखण्याजोगी खूण कोणाच्याच अंगावर नसते. ह्या खोटीचा खर्च कोणाच्या खातीं पडतो, ह्याविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत.

सन २०२० च्या फेब्रुवारींतील गोष्ट बहुतेक वाचकांस आठवत असेल. कोंबडीच्या मांसानें करोना होतो, असा निरोप कोणीं तरी कोठून तरी सोडला. महाराष्ट्रांत ह्या रोगाचे पहिले रुग्ण ९ मार्च रोजीं पुण्यास आढळले; पण आमचे कुक्कुटपालक त्यापूर्वींच आडवे झाले होते. जिवंत कोंबडीचा उत्पादनखर्च किलोमागें सुमारें ७० ते ८० रुपये. फार्मवरचा भाव पुष्कळ ठिकाणीं २० रुपयांच्याहि खालीं गेला. धान्य कोठारांत ठेवतां येतें, कांदा चाळींत ठेवतां येतो. पण सहा आठवड्यांची कोंबडी विकावयाची ठेवली तर ती रोज खाद्य खाते, आणि खाल्लेल्या खाद्याच्या मानानें तिचें वजन मात्र पूर्वींसारखें वाढत नाहीं. म्हणून मिळेल त्या भावास विकणें, फुकट वाटणें, किंवा पिलें पुरून टाकणें, असे तीनच मार्ग उरले, आणि ते तिन्ही लोकांनीं पत्करले. मग हीच झळ मक्यास लागली, कारण आपला पुष्कळसा मका कोंबड्यांच्याच पोटीं जातो. ज्यानें जन्मांत कोंबडी पाळली नाहीं व मोबाईलहि बाळगला नाहीं, अशा शेतकऱ्याचाहि मका त्या उन्हाळ्यांत १,७६० रुपयांच्या आधारभावाखालीं गेला. पुढील टाळेबंदीचा त्यांत मोठा वांटा होता हें खरें; पण पडझडीस आरंभ झाला तो एका निरोपानें.

केंद्राच्या पशुसंवर्धन आयुक्तांनीं १० फेब्रुवारी रोजींच पत्र काढून, कोंबड्यांपासून हा रोग पसरल्याचें आढळलेलें नाहीं, असें कळविलें होतें. पत्र खरें होतें व वेळेवरहि होतें. पण ज्या लोकांपर्यंत अफवा पोहोंचली त्यांतील किती जणांच्या दृष्टीस तें पडलें? त्या महिन्याच्या अखेरीस हैदराबादेस तेलंगणाच्या मंत्र्यांनीं जाहीर व्यासपीठावर उभें राहून कोंबडी खाऊन दाखविली. सरकारी सहीपेक्षां मंत्र्याच्या हातांतील तंगडी अधिक खरी वाटावी, ह्यांत हसण्यासारखें पुष्कळ आहे. पण विचार करण्यासारखें त्याहून अधिक आहे.

येथें दोष अफवेचा होता. दुसऱ्या एका प्रसंगीं तो सर्वस्वी तिच्यावर ढकलतां येत नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद केली. मुदत संपण्यास सहा आठवडे राहिले असतां, १८ फेब्रुवारी रोजीं, बंदी उठली अशी बातमी फुटली. ती वृत्तपत्रांतून व पुढाऱ्यांच्या तोंडून आली आणि मोबाईलनें घटकाभरांत नाशिक जिल्ह्याच्या शिवाराशिवारांत नेली. लासलगांवीं १७ तारखेस कांद्याचा सर्वसाधारण भाव क्विंटलला १,२८० रुपये होता, तो १९ तारखेस १,८०० झाला. २० तारखेस ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनीं खुलासा केला कीं बंदी उठलेली नाहीं. पुढें मार्चमध्यें तिची मुदत वाढविण्यांत आली, आणि ती प्रत्यक्ष उठली ४ मे रोजीं, तीहि दर टनास ५५० डॉलर किमान भाव व चाळीस टक्के निर्यातशुल्क ह्या अटींवर.

कोणी म्हणेल, ज्यांनीं १९ तारखेस माल विकला त्यांचा तर लाभच झाला. झाला असेल. परंतु त्याच दिवशीं ज्या व्यापाऱ्यानें १,८०० नें माल घेतला तो पुढच्या वेळीं काय करील? खरी बातमी आली तरी अविश्वासाची कसर कापूनच तो बोली लावील, आणि ती कसर कापली जाईल ती आपल्याच पट्टींतून. सरकारच्या शब्दाची पत गेली म्हणजे तिचें व्याज शेतकरी भरतो, असें मी म्हणतों तें ह्या अर्थानें. अधिकृत आदेश निघण्यापूर्वीं बंदी उठल्याचें श्रेय घेण्याची घाई ज्यांस होते, त्यांस हें व्याज भरावें लागत नाहीं.

मीं तहसील कचेरींत तीस वर्षें कारकुनी केली. त्यांतील बरींच बारनिशीच्या टेबलावर गेलीं. तेथें कोणताहि कागद आला कीं प्रथम पाहावयाचें तें जावक क्रमांक, तारीख, सही, आणि प्रत कोणाकोणास दिली हें. मजकूर त्यानंतर. ह्या पद्धतीस लोक दप्तरदिरंगाई म्हणून हसत, आणि पुष्कळदां तें हसणें योग्यहि होतें. पण फेरफाराची नोटीस चावडीवर लागे, हरकतीस पंधरा दिवस मिळत, आणि चूक झालीच तर ती कोणाच्या हातून झाली हें वीस वर्षांनींहि सांगतां येई. मोबाईलवर आलेल्या निरोपास ह्यांपैकीं कांहींच नसतें. तो पुढें पाठविलेला आहे एवढें त्यावर लिहिलेलें असतें. मूळ कोणाचा, हें नसतें. दुःखाची गोष्ट ही कीं आतां सरकारी खातींहि तीच रीत उचलूं लागलीं आहेत. मुदतवाढीची सूचना, अनुदानाच्या अटी, पीकपाहणीची शेवटची तारीख, हें सर्व गटांवर टाकलेल्या बिनसहीच्या मजकुरांतून कळतें. मग पी. एम. किसानच्या नांवानें एखादी फाईल आली व ती उघडतांच खात्यांतील रक्कम गेली, तर त्या शेतकऱ्यास भोळा कसें म्हणावें? खरा निरोप व खोटा निरोप एकाच वेषांत येऊं देण्यास जे जबाबदार आहेत त्यांनीं आधीं आपला वेष निराळा करावा.

आणि हा प्रश्न केवळ पैशांचा नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गांवीं, आठवड्याच्या बाजारास जमलेल्या लोकांनीं पांच भिक्षेकऱ्यांस मुलें पळविणारे समजून ठार केलें. ते मंगळवेढें भागांतील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, असे निरोप त्या दिवसांत सर्वत्र हिंडत होते. त्यांस मारलें तें ग्रामपंचायतीच्या कार्यालयांत. जेथें गांवाचें दप्तर असतें, जेथें कोण कोठचा हें विचारून लिहून घ्यावयाचें, त्या खोलींत तें कोणीं विचारलें नाहीं. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें एक निरोप एका वेळीं पांचच ठिकाणीं पाठवितां येईल अशी मर्यादा हिंदुस्थानांत घातली. मर्यादा चांगली, पण पांचांचे पंचवीस होण्यास किती वेळ लागतो?

मग सरकारनेंच खरें-खोटें ठरवावें काय? केंद्र सरकारनें २०२३ मध्यें माहिती-तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती करून तशी तजवीज केली होती. सरकारच्या कारभाराविषयींचा कोणता मजकूर खोटा हें सरकारी पथकानें सांगावयाचें होतें. मुंबई उच्च न्यायालयांत प्रथम दोन न्यायमूर्तींचा मतभेद झाला व तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्यें ती दुरुस्ती रद्द ठरली. मला हा निकाल योग्य वाटतो. तलाठ्यानें धरलेली नोंद तलाठीच मंजूर करीत नाहीं. ती मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. जो नियम दोन गुंठ्यांच्या फेरफारास आहे तो सबंध देशाच्या कारभारास नसावा, हें कसें चालेल?

सरकारनें दुसऱ्यांचीं तोंडें बंद करण्यापेक्षां आपलें तोंड वेळेवर उघडावें. राज्याच्या शासन निर्णयावर संकेतांक असतो व तो शासनाच्या संकेतस्थळावर घालून मूळ प्रत काढतां येते. ही सोय उत्तम आहे, पण खेड्यांत ती फारच थोड्यांस ठाऊक आहे. निर्यातीचा कोणताहि आदेश निघाला कीं त्याची क्रमांकासह प्रत बाजारसमितीनें लिलाव सुरू होण्यापूर्वीं फळ्यावर लावावी, आणि आदेश नसेल तर ‘आदेश आलेला नाहीं’ हेंहि लिहावें. दोन ओळींचें काम आहे.

आपल्या संघानें मोबाईलच्या नादीं लागूंच नये, असें कांहीं वडील सभासदांचें मत मीं ऐकलें आहे. मला तें पटत नाहीं. आपण बोललों नाहीं म्हणून इतर गप्प बसतील असें नाहीं. संघाचा गट असावा, पण त्यांत मजकूर टाकणाऱ्यानें आपलें नांव, गांव व माहिती कोठून मिळाली हें लिहावें. सरकारी आदेश असेल तर संकेतांक द्यावा. आणि मजकूर चुकीचा ठरल्यास तो पुसून न टाकतां त्याखालीं दुरुस्ती लिहावी, म्हणजे कोणाचा शब्द किती वेळां खरा ठरला ह्याची आपोआप नोंद राहील. ह्या आशयाचा ठराव मी येत्या वार्षिक सभेपुढें मांडणार आहें. ज्यांची हरकत असेल त्यांनीं ती सभेपूर्वीं लेखी, सही व तारखेनिशीं, चिटणिसांकडे द्यावी.