व्याख्यानाच्या वर्गणीवर उभी राहिलेली प्रयोगशाळा

विज्ञानप्रसार म्हणजे संशोधकाने समाजावर केलेला उपकार, किंवा फार तर निवृत्तीनंतरचा सात्त्विक विरंगुळा, ही समजूत आपल्या संशोधनसंस्थांत इतकी मुरली आहे की उपकाराचा ओघ गेली दोनशे वर्षे बहुतांशी उलट दिशेने वाहत आला आहे, हे सांगायलाही इतिहासाची साक्ष काढावी लागते.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना १७९९ची आणि तिजोरी बहुधा ओढगस्तीची. हम्फ्री डेव्हीच्या रसायनप्रयोगांना बळ मिळाले ते त्याच्या व्याख्यानांना लोटणाऱ्या हौशी गर्दीच्या वर्गणीतून. १८१२मध्ये त्याच गर्दीत बसलेल्या, पुस्तकबांधणी शिकणाऱ्या एका तरुणाने आपली टिपणे नीट बांधून डेव्हीला धाडली आणि पुढच्या वर्षी तो तिथे मदतनीस म्हणून रुजू झाला. तो मायकेल फॅरेडे. १८२५पासून त्याने शुक्रवारच्या सायंव्याख्यानांची प्रथा घातली आणि १८४६च्या अशाच एका व्याख्यानात, शोधनिबंधात मांडायला तो धजला नसता असा तर्क बोलून दाखवला : प्रकाश म्हणजे बलरेषांचे कंपन तर नसेल? प्रकाशाचा विद्युत्-चुंबकीय सिद्धान्त मांडताना मॅक्सवेलने १८६५मध्ये या तर्काचे ऋण उघडपणे मान्य केले. सामान्य श्रोत्यांसमोर बोलणाऱ्याला आपल्या विषयाच्या कडेपर्यंत जावेच लागते, आणि पुढची वाट पुष्कळदा तिथेच दिसते.

कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स उभी केली. तिथे व्याख्याने झाली, पण हवे तसे संशोधन रुजले नाही, ही खंत घेऊनच ते १९०४मध्ये गेले. तीन वर्षांनी अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी, चंद्रशेखर वेंकट रामन, कचेरी सुटल्यावर तिथली उपकरणे हाताळू लागला. रामन परिणामाचा २८ फेब्रुवारी १९२८चा शोध त्याच वास्तूतला. लोकांसाठी उघडलेल्या दाराचे फळ कोणाच्या पदरात आणि किती उशिरा पडेल, याचा हिशेब वार्षिक अहवालात मांडता येत नाही, आणि आपल्याकडे मूल्यमापन तर त्या अहवालाचेच होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पैसा लोकवर्गणीऐवजी लोकप्रतिनिधींच्या हातून येऊ लागला, एवढाच काय तो फरक. टेक्सासमधील महाकाय कणत्वरकाचा सुमारे २३ किलोमीटर बोगदा खणून झालेला असताना अमेरिकी काँग्रेसने १९९३मध्ये तो प्रकल्प मोडीत काढला. वाढता खर्च हे कारण खरेच; पण तो वाचवायला मतदार सरसावला नाही, हेही खरे. उलट, हबल दुर्बिणीची दुरुस्तीमोहीम २००४मध्ये रद्द होताच, तिची छायाचित्रे ज्यांच्या घरांत पोहोचली होती त्या लोकांनी एवढा गहजब केला की २००६मध्ये निर्णय फिरला आणि २००९मध्ये मोहीम पार पडली.

हाच धडा तमिळनाडूतल्या थेनीच्या डोंगरात विसरला गेला. ५०,००० टन लोखंडाच्या न्यूट्रिनो वेधशाळेला २०१५मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली; पण किरणोत्साराच्या अफवा गावोगाव फिरल्या, पाण्याविषयीच्या आणि सुरुंगांविषयीच्या रास्त शंकाही त्यांत मिसळल्या, आणि शास्त्रज्ञांचे खुलासे मागून धावत राहिले. प्रकल्प आजही अडलेला आहे. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण मात्र दर विज्ञानदिनी शाळकरी पोरांनी गजबजते; परिसरातला रेडिओ-गोंगाट आटोक्यात राहिल्याखेरीज जिचे कामच चालत नाही, तिचा शेजारी जोडून ठेवण्यात मोठाच स्वार्थ आहे.

आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांना प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म हालचाल टिपायची आहे, आणि जवळची खडीखाण किंवा रस्त्यावरचे अवजड ट्रक त्या मोजमापात कालवाकालव करू शकतात. २०२३मध्ये मंजूर झालेल्या २,६०० कोटींतून आरसे आणि निर्वात नळ्या येतील; खाण कुठे चालावी आणि रस्ता कुठून जावा हे मात्र पुढची कित्येक वर्षे तिथल्या ग्रामसभांत बोलले जाईल, आणि तिथे मराठीतून उत्तरे देणारा संशोधक आजच नेमावा लागेल.