काळा टोमॅटो: कर्ज काढून नको, सांदवाडीत लावा



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, बचत गटातून वीस हजार उचलते आणि काळा टोमॅटो लावते. चालेल का?" मी सरळ नाही म्हटलं. रील बघून कर्ज काढायचं नसतं. पण घरच्या सांदवाडीत चार झाडं? नक्की लावा.

मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून सांगतो. 'ब्लॅक क्रिम'ची रोपं मी जानेवारीच्या शेवटी लावली. मार्चमध्ये फुलं आली आणि गळाली. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं की टोमॅटो फळ धरत नाही, आणि चंद्रपूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! रोपं ऑक्टोबरात लावायला हवी होती. जी सात फळं आली ती दुकानाच्या काउंटरवर ठेवली. पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, हे भेदरे सडले का?"

रंग खरं तर काळा नसतोच. तांबूस-तपकिरी, देठाजवळ हिरवट. साल पातळ, लवकर तडकते. मूलवरून नागपूरला पाठवाल तर वाटेतच चिखल. चव मात्र जबरदस्त.

मग यात कमाई कुठे? माझ्या मते बियाण्यात. हे सरळ वाण आहे, हायब्रीड नाही. पिकलेल्या फळाचा गर दोन-तीन दिवस आंबवा, बी धुऊन सावलीत वाळवा. पुढच्या वर्षी तेच फळ मिळतं. पाकीट एकदाच विकत घ्यायचं.

बियाण्याचं मोल आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ मध्ये आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून ठेवल्या, त्यातून एचएमटी धान आलं. देशभर विकलं गेलं. दादाजी २०१८ मध्ये गेले ते हलाखीतच. वाण त्यांचं, पैसा दुसऱ्यांचा. मला ही गोष्ट आजही टोचते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी ठेवता, वाटता, विकता येतं, फक्त ब्रँड लावून नाही. आणि वाणाची नोंदणीही करता येते. हे किती जणांना माहीत आहे?

ताईंनी कर्ज घेतलं नाही. चार काळी आणि चार आपल्या गावठी भेदऱ्याची रोपं लावलीत. डिसेंबरात तोडा आला की वजनकाटा घेऊन त्यांच्या सांदवाडीतच व्हिडिओ करू.