दहांतला एक भाग हसण्याचा

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथात्म मालिकेचा हंगाम पूर्वी पंचवीस-सव्वीस भागांचा असे. त्यांतला एखादा थट्टेत गेला तरी कोणी हिशेब मागत नसे. १९६७ साली ‘स्टार ट्रेक’मध्ये भराभर पैदास होणाऱ्या केसाळ, गुबगुबीत प्राण्यांनी अख्खे अवकाशस्थानक व्यापले, तो हंगाम सव्वीस भागांचा होता. त्याच परंपरेतील ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’च्या २०२२ पासूनच्या हंगामांना दहाच भाग मिळाले. त्यांतले दोन-तीन विनोदाला किंवा विधांतराला दिले की ‘उधळपट्टी’ असा आक्षेप येतो. मला तो अर्धाच मान्य आहे.

२०२३ चा हंगाम पाहावा. सातव्या भागात ॲनिमेशन मालिकेतील पात्रे हाडामांसाची होऊन यानावर अवतरतात. आठव्यात युद्धाने आतून जखमी झालेला डॉक्टर समोर येतो. नवव्यात सगळे यान गाऊ लागते. हे गाणे नुसती गंमत नव्हे. त्यात कोणालाच मनातले दडवता येत नाही आणि प्रेयसीच्या आनंदात आपल्याला जागा नाही, हे स्पॉकला चारचौघांत ऐकावे लागते. गद्य संवादांनी याला कितीतरी अधिक वेळ घेतला असता. असा भाग वेळ खात नाही, वाचवतो.

आपल्याला हे नवे वाटू नये. वगातला सोंगाड्या राजाला जे सुनावतो, ते प्रधानाच्या तोंडी शोभले नसते. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेतही डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीची भूमिती येते ती कुतूहल आणि गंमत यांचे बोट धरून.

आक्षेपाचा खरा अर्धा भाग २०२५ च्या हंगामात दिसतो. तेथे चार मानव एका लशीने व्हल्कन होतात आणि तत्क्षणी तुसडे, गर्विष्ठ वागू लागतात. व्हल्कनांचा विवेक ही कष्टाने कमावलेली शिस्त आहे, असे ही कथामाला दशकानुदशके सांगत आली. येथे हशासाठी तो रक्तातला गुण ठरला. विनोदाने जगाचे नियम ताणावेत; विसरू नयेत.

पालघरमध्ये बसून हा वाद मला परका वाटत नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. तिसऱ्या-चौथ्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने उभे राहिले. येथे विज्ञान म्हणजे नोकरी, वास, भीती आणि चेष्टाही. उद्या कोणी या पट्ट्यावर दहा भागांची मालिका लिहिली, तर किरणोत्सार समजावून सांगणारा अभियंता तिच्यात हमखास असेल. पण आपत्कालीन सरावात घरात बसून राहायचे म्हटल्यावर सुकत घातलेल्या बोंबलांकडे कोण पाहणार, असे विचारणारी मावशी असेल का? ती नसेल, तर येथली माणसे केवळ समजूत घालून घेणारे श्रोते उरतील. तिचा प्रश्न हास्यास्पद नाही. त्यावर हसू येते, एवढेच. आणि त्या हसण्यातच सरावाच्या कागदावर न आलेले एक घर दिसते.

म्हणून दहांतला एक भाग तिला द्यावा. हंगाम आखूड आहे, म्हणून तर द्यावा.