फोटो कोणी काढला?

जुना फोटो स्टुडिओ बंद झाला की मोठी माणसं हळहळतात. तो रंगवलेला पडदा, ती कोरीव खुर्ची, 'हलू नका' म्हणणारा फोटोग्राफर... ती शान मोबाईलला नाही म्हणे. ही हळहळ मला समजते, पण पूर्ण पटत नाही.

स्टुडिओत माणूस जसा होता तसा नव्हे, तर त्याला जसं दिसायचं होतं तसा दिसायचा. मागे महाल, अंगात कधी कधी उसना कोट. शिवाय तिथवर पोचणंही सगळ्यांना सोपं नव्हतं. आपल्या हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका युरोपीय बाईंकडे सोपवला. म्हणजे कॅमेऱ्यामागचं माणूस बदललं, तेव्हा कुठे या स्त्रिया फोटोत आल्या.

पुढे कॅमेराच घरात आला. कोडॅकचा 'ब्राउनी' 1900 मध्ये अमेरिकेत एका डॉलरला मिळू लागला. आपल्याकडे हे वारं उशिरा आलं. बडोद्यात तयार होणारा 'आग्फा क्लिक थ्री' अनेक मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा ठरला. एका रोलमध्ये 12 फोटो. कुणाचं डोकं कापलं जायचं, कुणी हलायचं. पण महालाच्या जागी दोरीवरचे कपडे, अंगणातला नळ, आपलं खरं घर दिसू लागलं.

तरीही 12च फोटो, म्हणजे निवड आली. ती करायचे बहुधा वडील नाहीतर काका. आमच्या अल्बममध्ये आजी आहे ती सणावारी, ठेवणीतल्या साडीत. शिवणयंत्रावर बसून तिने संसाराला हातभार लावला, त्याचा एकही फोटो नाही. आजोबा तर जवळजवळ नाहीतच, कारण कॅमेरा त्यांच्या हातात!

म्हणून मला वाटतं, वाद स्टुडिओ की मोबाईल हा नाहीच. कॅमेरा कोणाकडे आहे आणि त्याला काय टिपण्याजोगं वाटतं, हा खरा मुद्दा आहे. आता रोल संपायची भीती नाही, तरी आपण आईला कामातून उठवून 'जरा नीट उभी राहा ना' म्हणतोच.

मित्रांनो, या सुट्टीत आईचा फोटो ती काम करत असतानाच काढा. मग फोन तिच्या हातात द्या आणि तिला कशाचा फोटो घ्यावासा वाटतो ते बघा. आणि घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे हलक्या हाताने पेन्सिलीने नावं लिहून ठेवा. फोटोतल्यांची तर लिहाच, काढणाऱ्याचंही लिहा.