तुमच्या गल्लीतल्या झाडाचं वय किती? हे माहीत असणं का गरजेचं आहे?

फेब्रुवारी-मार्च आला की मुंबईत विक्रोळीजवळच्या ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या गुलाबी झाडांचे फोटो व्हायरल होतात. ही टॅबेबुयाची झाडं परदेशी आहेत. पण आपल्याच बिल्डिंगखालच्या झाडाचं नाव अनेकांना सांगता येत नाही. ते तोडायची वेळ आली, की ही माहिती कामाची ठरते.

कायदा काय सांगतो?

शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात बदल झाला. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज ट्री' ठरलं. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, अशी तरतूदही आली. म्हणजे ६० वर्षांच्या वडाच्या बदल्यात ६० झाडं. वय कमी धरलं, तर भरपाईही घटते.

ओळखायचं कसं?

पारंब्या असतील तर वड. पानाला लांब शेपटीसारखं टोक असेल तर पिंपळ. फळं थेट खोडालाच लगडलेली असतील तर उंबर. संध्याकाळी पानं मिटत असतील तर बहुधा रेन ट्री. वयासाठी जुने फोटो आणि सोसायटीतले ज्येष्ठ रहिवासी मदत करू शकतात.

हरकत कधी घ्यायची?

तोडण्याआधी झाडावर नोटीस लागते. हरकत तेव्हाच घ्यायची. आरेमध्ये ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती.